तीर्थ राखावे कसे? — सिंधुदुर्गातील देवस्थाने, पाणी, राया आणि आपण यात्रेकरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला श्रीदत्तजयंती. याच सुमारास आपल्या सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा चालू असतात, रात्रभर दशावतारी नाटके रंगतात, पहाटे दहीकाला होतो. आणि नेमक्या याच दिवसांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावकडच्या गाड्या नाताळच्या सुट्टीसाठी मालवणात उतरू लागतात. एकच रस्ता, एकच एस.टी. स्टँड, एकच चहाची टपरी; एक माणूस देवाला आलेला, दुसरा समुद्राला. पुष्कळदा हे दोघे एकाच माणसात असतात. सकाळी माणगावला पादुकांवर डोके ठेवायचे आणि दुपारी तारकर्लीला पाण्यात उतरायचे. यात वाईट काही नाही. समुद्र ही परकी वस्तू नव्हे, तो तर अवधूताचा गुरू. तेव्हा या लेखात प्रश्न एवढाच घेतला आहे की आपण जिथे जातो ते ठिकाण आपल्या जाण्याने टिकते की झिजते? आणि आपल्या संप्रदायाने याबाबत काही शिकवले आहे का?

शिकवले आहे, आणि भरपूर शिकवले आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सात ते नऊ या अध्यायांत, अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद येतो. हा अवधूत म्हणजे श्रीदत्तप्रभूच, अशी आपल्या परंपरेची श्रद्धा. नाथांनी त्यावर एकनाथी भागवतात किती विस्ताराने लिहिले आहे ते वाचकांना ठाऊक आहेच. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी निदान हे तीन अध्याय या वर्षी जरूर वाचावेत. चोवीस गुरूंमध्ये पृथ्वी आहे, पाणी आहे, समुद्र आहे, मासा आहे, अजगर आहे. यातला एकही गुरू पाठशाळेत बसलेला नाही. सगळे रानात, पाण्यात, वाटेवर भेटलेले. म्हणजे रान नाहीसे झाले, पाणी नासले, तर अवधूताचे निम्मे गुरुकुलच मोडले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यातल्या मधमाशीकडे जरा थांबू. भ्रमर फुलाफुलांतून थोडा थोडा रस घेतो, फूल मोडत नाही. यतीने तशीच भिक्षा मागावी, एका घराला भार होऊ नये, ही शिकवण. ‘माधुकरी’ हा शब्द इथूनच आला. पण त्याच ठिकाणी मधमाशीची दुसरी बाजूही सांगितली आहे: जी साठवत राहते ती साठ्यासकट नष्ट होते. पर्यटनावर आजकाल परिषदा भरतात, अहवाल निघतात. माझ्या मते त्या सगळ्यांचे सार या एका गुरूत आहे. पाहुण्याने थोडे थोडे, अनेक घरी, फूल न मोडता घ्यावे. आणि गावाने एकाच हंगामात सगळा मध काढून घेण्याची हाव धरू नये.

हे नुसते पुस्तकी नाही, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात जन्मले. कुडाळ तालुक्यातील माणगाव हे श्री प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे जन्मगाव. जन्म 1854, आणि गुजरातेत गरुडेश्वरी 1914 साली समाधी. माणगावचे दत्तमंदिर त्यांनी 1883 मध्ये स्थापन केले आणि 1889 मध्ये ते गाव सोडून निघाले. पुढे संन्यास घेऊन त्यांनी हिंदुस्थानभर भ्रमण केले ते अनवाणी, पायी, भिक्षेवर राहून. बरोबर दंड, कमंडलू, थोडी वस्त्रे, पोथ्या आणि देव. आज ज्यांना आपण पर्यटक म्हणतो त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक मुलूख त्यांनी पाहिला असेल. मागे काय ठेवले? स्तोत्रे, ग्रंथ, करुणात्रिपदी, आणि ठिकठिकाणी सुरू केलेली उपासना. कचरा ठेवला नाही. विनोदाने म्हणत नाही हो, खरोखर विचार करण्यासारखे आहे. आपण एका दिवसाच्या सहलीत बाटल्या, पिशव्या, द्रोण आणि हारांच्या प्लास्टिकच्या दोऱ्या किती टाकून येतो?

आता स्थळांकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणचा सागरी अभयारण्याचा टापू त्याआधीचा, 1987 चा. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम 1664 साली सुरू झाले. किल्ल्यावर छत्रपती शिवरायांचे श्रीशिवराजेश्वर मंदिर आहे, चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा विहिरी आहेत. 2025 साली सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदाची गोष्ट. पण यादीत गेलेल्या गोष्टींची काळजी घ्यायला सरकार असते, खाते असते. यादीत न गेलेल्या गोष्टींना मात्र फक्त गाव असते आणि देव असतो. मला त्यांच्याविषयी जास्त लिहायचे आहे.

धामापूरचा तलाव घ्या. मालवण तालुक्यातच, डोंगरांच्या मध्ये, काठावर श्रीभगवती देवीचे मंदिर. हा तलाव 1530 सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधला असे सांगतात. जवळजवळ पाचशे वर्षे धामापूर आणि काळशाची शेती या पाण्यावर पिकते आहे. मालवण शहरातही हेच पाणी नळाने जाते. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात आपण जो पेला तोंडाला लावतो त्यामागे भगवतीचा तलाव उभा असू शकतो, हे ध्यानात घ्यावे. 2020 साली सिंचन व जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून या तलावाची निवड केली.

या तलावाची एक आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. गावात लग्नकार्य निघाले आणि घरात दागिने नसले, तर परडीत फुले घेऊन देवीला गाऱ्हाणे घालायचे आणि ती परडी तलावात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकले की दागिने तसेच परत करायचे. एकदा कोणाला तरी हाव सुटली, दागिने परत गेले नाहीत, आणि त्या दिवसापासून परडी वर येणे बंद झाले.

कथा खरी की खोटी यावर वाद घालण्यात मला रस नाही. ती काय शिकवते ते पाहा. पाणी देते, पण उसने देते. जेवढे घेतले तेवढे परत ठेवले तर पुढच्या घरच्या लग्नालाही सोने मिळते. आज ‘शाश्वत’ हा शब्द फार चालतो. आमच्या आज्यांना तो शब्द ठाऊक नव्हता, परडीची गोष्ट ठाऊक होती. आणि कथेतला तो हावरा माणूस काही एकदाच होऊन गेला असे नाही. पर्यटन वाढवण्याच्या नावाने या तलावाच्या काठी झालेल्या बांधकामावरून वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. लोकांना पाणी नीट दिसावे म्हणून पाण्याच्या कडेलाच काँक्रीट ओतायचे, ही कल्पनाच मला पटत नाही. पायवाटेने चालत गेले तरी तलाव दिसतो. पाचशे वर्षे तसाच दिसला.

दुसरे उदाहरण घाटावरचे, पण ते दत्तभक्तांच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीजवळ हिरण्यकेशीचा उगम. गुहेतून झरा येतो, समोर कुंड, आणि देवीचे-महादेवाचे स्थान. या कुंडात माशाची एक छोटी जात 2020 मध्ये अभ्यासकांनी जगाला नव्याने दाखवून दिली. तिचे नावच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ठेवले. नंतर मार्च 2021 मध्ये शासनाने तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही या एका धाकामुळे तो मासा इतकी वर्षे तिथे नांदला. पुजाऱ्याने माशाची मोजदाद केली नव्हती, त्याने फक्त कुंड देवाचे मानले.

पण त्याच कुंडात आता साबण लावून अंघोळ करणारे, कपडे पिळणारे, हौसेने दुसरे मासे सोडणारे भाविक आले, तर काय होईल? श्रीगुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायातला आचारधर्म आठवा. पाण्याजवळ, वाटेवर, देवालयाजवळ मलविसर्जन करू नये, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे. पारायणात आपण तो भाग भरभर वाचून पुढे जातो, कारण तो आपल्याला जुन्या काळचा वाटतो. खरे तर यात्रेच्या ठिकाणी आज सर्वांत जास्त गरज त्याच भागाची आहे. साबण, शाम्पू, तेलाची पिशवी हे शब्द त्यात नाहीत इतकेच.

आणि हे पाणी जाते कुठे? हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत पूर्वेला उतरते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेत पुढे रायचूरकडे कुरवपूरचे बेट आहे, श्रीपाद श्रीवल्लभांचे स्थान. वाटेत धरणे, कालवे आहेत हे मान्य. पण कोकणच्या माथ्यावरच्या या कुंडाची धार श्रीपादांच्या चरणांकडेच वाहते आहे. कुरवपूरला जाऊन कृष्णेचे तीर्थ मस्तकी लावणाऱ्याने आंबोलीच्या कुंडात साबणाची वडी टाकावी, याला काय म्हणावे?

राया-देवरायांबद्दलही असेच. कोकणात देवाच्या नावाने राखलेल्या रानाला राय म्हणतात. तिथली काठीसुद्धा कौल घेतल्याशिवाय उचलायची नाही, पडलेले झाडही घरी न्यायचे नाही, अशी जुनी शिस्त. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानटी जायफळांच्या जातीची दलदल आहे, फार दुर्मीळ. ती टिकली ती देवराई म्हणून. आता तेही जैवविविधता वारसा स्थळ झाले आहे. रवळनाथ, वेतोबा, राखणदार हे आपल्याकडे गावाच्या वेशी सांभाळणारे देव. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी पायताणे वाहतात, कारण देव रात्री गावभर फिरतो, राखण करतो, चपला झिजतात. किती सुंदर कल्पना आहे! पण देवाने रात्री फिरून जे राखले ते आपण दिवसा तोडतो, आणि पुष्कळदा देवाच्याच कामासाठी तोडतो.

होय, जीर्णोद्धाराविषयीच बोलतो आहे. हा विषय जरा नाजूक आहे, कारण प्रत्येक गावात देणगीदार असतात, समित्या असतात, आणि सर्वांची भावना चांगलीच असते. मुंबईचा चाकरमानी वर्षानुवर्षे पैसा जमवतो, आपल्या ग्रामदेवतेचे देऊळ ‘मोठे’ व्हावे म्हणून. पण मोठे म्हणजे काय? आमची जुनी देवळे जांभ्या चिऱ्याची, लाकडी कोरीव खांबांची, उतरत्या कौलारू छपरांची. वालावलच्या श्रीलक्ष्मीनारायणाचे देऊळ पाहा, बाजूला तलाव, आत खांबांवरचे कोरीव काम. अशी देवळे पाडून सिमेंटचा स्लॅब आणि चकचकीत लाद्या घालणे याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. कोकणचा पाऊस सपाट स्लॅबला जुमानत नाही. चार-पाच पावसाळ्यांत गळती लागते, मग स्लॅबवर पत्रे येतात. म्हणजे शेवटी छप्पर उतरतेच ठेवावे लागले, फक्त आधीचे कौलारू देखणे होते आणि आताचे पत्र्याचे. शिवाय लाद्यांवर उन्हाळ्यात पाय ठेवता येत नाही नि पावसाळ्यात म्हातारी माणसे घसरतात, हे सांगायला वास्तुशास्त्रज्ञ नको.

जीर्ण म्हणजे जुने, उद्धार म्हणजे वर काढणे. जे खाली चालले आहे त्याला वर काढायचे, नाहीसे करायचे नव्हे. वाळवी लागलेला खांब बदलता येतो, फुटलेली कौले बदलता येतात, चुन्याच्या कामाला पुन्हा चुनाच लावता येतो. हे काम करणारे सुतार, पाथरवट अजून आहेत. आपण त्यांना बोलावत नाही म्हणून त्यांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली. समितीवर असलेल्या वाचकांना एकच विनंती: एखादी वास्तू पाडायचा ठराव करण्याआधी तिचे फोटो, मापे, खांबांवरची चित्रे, दारावरची अक्षरे नोंदवून ठेवा, आणि पुरातत्त्व जाणणाऱ्या माणसाला एकदा तरी दाखवा. ठरावाला दोन महिने उशीर झाला तर देव रागावणार नाही.

वास्तूइतकीच चालीरीतही ठेवा आहे. मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण सर्वांनी ऐकली असेल. दर तीन-चार वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. सर्व जातींचे लोक जातात, गावातली मुसलमान कुटुंबेही जातात. माळावर, खाडीकाठी झोपड्या उभ्या राहतात, एका चुलीवर चार घरांचे शिजते. गाव रिकामा. पुन्हा कौल झाला की परत. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. कोणी म्हणतात भुतांच्या भीतीने, कोणी म्हणतात जुन्या काळच्या रोगराईमुळे. कारण काहीही असो, जमिनीला, विहिरींना, वाटांना तीन दिवस माणसाच्या वावरातून सुटी देणारी ही रीत आहे. आणि तिची सूत्रे मानकऱ्यांच्या व कौलाच्या हाती आहेत, पर्यटन कंपनीच्या नव्हेत. गाऱ्हाण्यात ‘बारा-पाचाची वहिवाट’ म्हणतात ती हीच. सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो तेव्हा तो करार होतो. गावपळणीची तारीख दिवाळी अंकातल्या सहलीच्या जाहिरातीसारखी आधी छापता येत नाही, याचे मला समाधान वाटते. पाहुण्यांनी यावे, पण रिकाम्या गावात कॅमेरे घेऊन शिरू नये. घर उघडे असले म्हणून आत जायचे नसते, तसेच हे.

समुद्राचाही असाच नेम होता. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मग मासेमारी. आज शासनाची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी असते. नेम जुना, आकडा नवा. वायंगणीच्या किनाऱ्यावर (ही वेंगुर्ल्याची वायंगणी) कासवे अंडी घालायला येतात, गावातली माणसे ती राखतात, पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला पाहुणे येतात. देवळाच्या मंडपात दगडी कासवाला नमस्कार करून पुढे जाणाऱ्या आपल्याला जिवंत कासवासमोर बॅटरीचा झोत मारावासा वाटतो, हे चमत्कारिक नाही काय?

आता कोणी म्हणेल, सगळे जपायचे तर आमच्या मुलांनी खायचे काय? प्रश्न रास्त आहे. गावात पैसा आला पाहिजे, नाहीतर घरे बंद पडतील आणि देवळात दिवा लावायलाही माणूस उरणार नाही. म्हणूनच पाहुणा कुठे उतरतो याला महत्त्व आहे. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना आहे; गावातल्या घरी उतरले, त्यांच्याच हातची भाकरी, सोलकढी घेतली, तर पैसा त्या चुलीपाशी राहतो. पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेवल्या आहेत. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला गंजिफा आणि लाकडी खेळणी आहेत. नातवाला चिनी बनावटीचे प्लास्टिकचे खेळणे घेण्याऐवजी तिथली लाकडी फळे घ्या. दशावताराला रात्री दहा मिनिटे बसून मोबाइलवर चित्र काढून उठू नका. पहाटेपर्यंत बसणे जमणार नसेल तरी संकासुर येऊन जाईपर्यंत बसा, आणि निघताना मंडळाच्या ताटात यथाशक्ती घाला. ही माणसे दिवसभर शेतात राबून रात्री राजे होतात.

श्रीगुरुचरित्राच्या पंधराव्या अध्यायात श्रीगुरूंनी शिष्यांना तीर्थयात्रेला पाठवले आहे, तीर्थांची लांबलचक यादी दिली आहे. यात्रा करू नका असे आपले सद्गुरू कधीच म्हणाले नाहीत.

या दत्तजयंतीला माणगावी येणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे, पुढे एस.टी. किंवा रिक्षा मिळते; चार कुटुंबांनी चार गाड्या आणण्यापेक्षा एक गाडी केली तर देवळाजवळच्या अरुंद रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना चालता येईल. दत्तमंदिराबरोबर जन्मस्थान आणि ग्रामदेवता श्रीयक्षिणीचे दर्शन चुकवू नये. पाण्यासाठी घरून तांब्या किंवा स्टीलची बाटली आणावी. हार-फुले प्लास्टिकच्या पिशवीत न आणता पानात किंवा कापडात आणावीत, म्हणजे निर्माल्य थेट झाडांच्या मुळाशी घालता येईल. महाप्रसादाला बसताना जेवढे लागेल तेवढेच वाढून घ्यावे. येणार असाल तर देवस्थानाला आधी कळवावे, किती माणसे आहेत तेही सांगावे, म्हणजे तांदूळ किती धुवायचे ते स्वयंपाकघराला आदल्या रात्रीच कळते.